सर्पगंधा: कुंडीतले झुडूप आणि ब्लडप्रेशरच्या गोळीचा इतिहास

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका सकाळी सकाळी नाकाला रुमाल लावून दवाखान्यात आले. सोबत काकू. काकांचा घोळणा फुटला होता आणि अर्धा तास झाला तरी रक्त थांबत नव्हते. त्यांना खुर्चीत पुढे वाकून बसवले, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरून ठेवायला सांगितले. रक्त थांबले. मग बीपी मोजले तर २०६/११२.

(उन्हाळ्यात घोळणा अनेकांचा फुटतो, तो बीपीमुळेच फुटला असे म्हणता येत नाही. पण त्या निमित्ताने बीपी कळले, हे बरेच झाले.)

"काका, गोळ्या चालू आहेत ना?"

काका गप्प. काकू म्हणाल्या, "दीड महिना झाला डॉक्टर, बंद केल्यात. मी सांगून थकले."

"तसं नाही डॉक्टर," काका म्हणाले, "केमिकल किती दिवस खायचं? आता नैसर्गिक चालू केलंय. सर्पगंधा. घरीच लावलीय. रोज सकाळी दोन पानं चावून खातो. बीपीवर हिच्यासारखं औषध नाही, असं वाचलंय मी."

त्यांनी वाचले होते ते अगदीच खोटे नव्हते, आणि म्हणूनच मला हा लेख लिहावासा वाटला. सर्पगंधा हे ब्लडप्रेशरवरचे खरेखुरे औषध आहे. जगातल्या डॉक्टरांना ते एका मुंबईकर डॉक्टरने पटवून दिले. पण काकांच्या कुंडीत जे होते ती सर्पगंधा नव्हती, आणि असती तरी मी त्यांना ती खा म्हणालो नसतो. ही दोन्ही वाक्ये नीट समजायला थोडा इतिहास आणि थोडे वनस्पतिशास्त्र लागते.

नाव एकाचे, झाड दुसऱ्याचे

सर्पगंधेचे शास्त्रीय नाव रावोल्फिया सर्पेंटिना. कण्हेर, तगर, सदाफुली यांच्याच कुळातले हे झुडूप. यातला रावोल्फ म्हणजे लिओनहार्ट राउवोल्फ, सोळाव्या शतकातला जर्मनीच्या आउग्सबुर्ग गावचा डॉक्टर. औषधी वनस्पतींच्या शोधात तो सीरिया, इराकपर्यंत फिरला आणि आलेप्पोमध्ये लोक कॉफी कशी पितात याचे वर्णन त्याने १५८२ साली छापले. भारतात तो कधी आला नाही आणि सर्पगंधा त्याने कधी पाहिली नाही. १७०३ साली प्लुमिए नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने एका वनस्पतिगटाला त्याचे नाव दिले आणि पुढे आपले झुडूप त्या गटात गेले. सर्पेंटिना म्हणजे सापासारखी. तिचे मूळ वेडेवाकडे, निमुळते होत जाणारे असते.

युरोपियनांपैकी जुनी नोंद सापडते ती आपल्या गोव्यात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज डॉक्टर गोव्यात राहत असे. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. त्याचे औषधी द्रव्यांवरचे पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले. त्यात सापाच्या विषावर वापरल्या जाणाऱ्या 'सापाच्या लाकडा'वर एक प्रकरण आहे. नागाशी लढताना मुंगूस ही वनस्पती खाते, ही कथाही त्यात येते. त्यातले एक लाकूड म्हणजे सर्पगंधा असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत सर्पगंधा, नाकुली ही नावे येतात. तिथे वर्णन आजच्याच झुडपाचे आहे का, यावर मात्र जाणकारांचे एकमत नाही. बिहार-बंगालकडे लोकांचा वापर वेगळाच होता. तिथे हिला 'पागल की दवा' म्हणत. वेड लागलेल्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या माणसाला हिचे मूळ देत आणि तो शांत होई.

नावावरून एक धोक्याची गोष्ट आताच सांगतो. सर्पगंधा, सर्पविष, मुंगूस या जोडीमुळे आजही कुणी सर्पदंशावर हिचे मूळ उगाळून देतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी कुठल्याही सापाच्या विषावर सर्पगंधेचा उपयोग होत नाही. साप चावला तर प्रतिविषाची लस हाच उपाय. १०८ ला फोन करा, चावलेला भाग हलू देऊ नका आणि थेट रुग्णालय गाठा. मूळ उगाळण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

१९३१ साल: दिल्ली आणि कलकत्ता

आधुनिक शास्त्राने सर्पगंधेकडे वळून पाहिले ते १९३१ साली, एकाच वर्षी दोन ठिकाणी.

दिल्लीत हकीम अजमल खान यांनी आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज उभारले होते. जुन्या औषधांचा नव्या रसायनशास्त्राने अभ्यास व्हावा, असे त्यांना वाटे आणि त्यासाठी त्यांनी सलीमुज्जमान सिद्दिकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला बोलावले. सिद्दिकींनी सर्पगंधेच्या मुळातून पाच अल्कलॉइड वेगळे काढले. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत तयार होणारे, शरीरावर जोरदार परिणाम करणारे रसायन. चहातले कॅफीन, तंबाखूतले निकोटीन ही आपल्या ओळखीची उदाहरणे. यातल्या एकाला त्यांनी 'अजमलीन' असे नाव दिले. हकीमसाहेब तेव्हा हयात नव्हते, १९२७ मध्येच ते वारले होते. पण त्यांचे नाव आजही हृदयरोगतज्ज्ञांच्या तोंडी आहे. ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा हृदयाच्या ठोक्यांचा एक आनुवंशिक आजार ओळखण्यासाठी जगात अनेक ठिकाणी अजमलीनचे इंजेक्शन देऊन चाचणी करतात.

त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी एक छोटा लेख लिहिला. सर्पगंधा हे वेडावरचे आणि वाढलेल्या रक्तदाबावरचे नवे भारतीय औषध आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पाठोपाठ कलकत्त्याच्याच स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून रक्तदाब खरोखर उतरतो, हे दाखवले. पण हे सारे भारतीय नियतकालिकांत छापले गेले आणि बाहेरच्या जगाने वाचलेच नाही.

केईएममधले पन्नास पेशंट

आता त्या काळची अवस्था डोळ्यासमोर आणा. आज बीपी वाढले तर आपण एक छोटी गोळी घेतो. १९४५ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचे बीपी ३००/१९० होते. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसासाठीही डॉक्टरांकडे चांगली गोळी नव्हती. उपाय होते ते असे: झोपेची औषधे द्या, फक्त भात, फळे आणि साखरेवर महिनोन्‌महिने ठेवा, किंवा पाठीतून मोठे ऑपरेशन करून मज्जातंतूंची साखळीच कापून टाका. त्या ऑपरेशननंतर उभे राहिले की चक्कर येई.

अशा वेळी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील हे हृदयरोगतज्ज्ञ काम करत होते. जन्म १९११, मुंबईचेच. भारतात सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या तोवर बाजारात मिळू लागल्या होत्या. 'सर्पिना' ही त्यातली एक. अनेक वैद्य आणि डॉक्टर त्या देत असत. डॉ. वकिलांनीही दिल्या, पण त्यांनी एक गोष्ट जास्त केली. त्यांनी मोजमाप केले. रक्तदाबाचे पन्नास पेशंट निवडले, गोळ्या सुरू केल्या, ठरावीक अंतराने नोंदी ठेवल्या, काय फायदा झाला आणि काय त्रास झाला दोन्ही लिहिले, आणि हा लेख १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आणला.

त्या लेखाने चित्र बदलले. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचला, भारतातून गोळ्या मागवल्या आणि आपल्या पेशंटना दिल्या. बीपी सावकाश उतरत होते, आणि गंमत म्हणजे पेशंट शांतही होत होते. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या बाझल गावी सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातले मुख्य रसायन वेगळे काढले. त्याचे नाव रेसर्पीन. १९५४ मध्ये न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी तेच औषध मनोरुग्णांना देऊन त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. बिहार-बंगालमधल्या 'पागल की दवा'वर अशी मोहर उमटली. १९५७ साली वैद्यकशास्त्रातला मानाचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांत क्लाइन यांच्याबरोबर आपले डॉ. वकीलही होते. पुढच्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले.

माझ्या मते या सगळ्या कथेतला शिकण्यासारखा भाग इथे आहे. सर्पगंधा शेकडो वर्षे ठाऊक होती. तिला जगाचे औषध बनवले ते पन्नास पेशंटांच्या वहीतल्या नोंदींनी. 'माझ्या मेव्हण्याला फरक पडला' आणि 'पन्नास जणांत मोजून पाहिले' यात हाच फरक असतो.

औषध काम कसे करते

आपल्या मज्जातंतूंच्या टोकाला छोट्या छोट्या पिशव्या असतात. त्यांत नॉरअ‍ॅड्रिनॅलिन, डोपामिन, सेरोटोनिन अशी रसायने भरून ठेवलेली असतात. निरोप द्यायचा झाला की पिशवी फुटते आणि रसायन बाहेर पडते. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन बाहेर पडले की रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि बीपी वाढते.

रेसर्पीन या पिशव्या भरण्याचे काम बंद पाडते. कोठारात नवा माल येत नाही, जुना संपत जातो. रक्तवाहिन्या सैल राहतात आणि बीपी उतरते. कोठार रिकामे व्हायला वेळ लागतो म्हणून पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात, आणि औषध बंद केल्यावरही परिणाम बरेच दिवस टिकतो.

पण ही कोठारे फक्त रक्तवाहिन्यांपाशी नसतात, मेंदूतही असतात. तिथली रिकामी झाली तर? १९५७ साली स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पीन दिले. ससे जागच्या जागी खिळून बसले. मग डोपामिन बनवणारा कच्चा माल, म्हणजे लेवोडोपा, टोचल्यावर ससे पुन्हा हिंडू लागले. या प्रयोगातून डोपामिनचे महत्त्व कळले आणि पार्किन्सनच्या कंपवातावरचे आजचे औषध हाती आले. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. त्यांच्या प्रयोगाची सुरुवात आपल्या जंगलातल्या एका मुळापासून होते.

एका आजींची गोष्ट

माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत रेसर्पीन असलेल्या गोळ्या सर्रास चालत. अ‍ॅडेल्फेन हे नाव पन्नाशी-साठीच्या वाचकांना आठवत असेल. स्वस्त, परिणामकारक, वर्षानुवर्षे घेतलेली गोळी. रेसर्पीनबद्दल आकसाने बोलायचे मला कारण नाही. १९६७ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खालचे बीपी ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. निम्म्यांना खरी औषधे, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. औषध नसलेल्या गटात २७ जणांना गंभीर त्रास झाला. औषधाच्या गटात फक्त दोघांना. त्या खऱ्या औषधांच्या मिश्रणात रेसर्पीन होते. बीपी उतरवले की माणूस वाचतो, हे इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदा सिद्ध झाले ते या झुडपाच्या मदतीने.

तरीही मला एक आजी आठवतात. सत्तरीच्या, बोलक्या, दवाखान्यात आल्या की आधी माझ्या आईची चौकशी करणाऱ्या. एका वर्षी त्या हळूहळू गप्प झाल्या. जेवण कमी, झोप नाही, देवपूजा सोडली. सून म्हणाली, "वयामुळे असेल." मीही आधी तेच म्हणालो. मग एक दिवस आजी म्हणाल्या, "डॉक्टर, आता पुरे झालं, असं वाटतं." मी त्यांची गोळ्यांची पिशवी ओतून पाहिली. दुसरीकडून लिहून दिलेली रेसर्पीनची गोळी आणि माझ्याकडची तीच गोळी, वेगवेगळ्या नावांनी, दोन्ही चालू होत्या. म्हणजे दुप्पट डोस. ती बंद करून बीपीचे दुसरे औषध दिले, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवले. दोन महिन्यांनी आजींनी पुन्हा माझ्या आईची चौकशी केली.

रेसर्पीनमुळे नैराश्य येते, असे अहवाल पन्नाशीच्या दशकातच येऊ लागले होते. त्या काळी डोसही मोठे असत. कमी डोसमध्ये हा धोका पूर्वी वाटला तितका नाही, असे नंतरचे अभ्यास सांगतात. पण ज्याला पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे त्याला हे औषध देऊ नये, हा नियम आजही आहे. याशिवाय नाक चोंदणे, जुलाब, पोटात आम्ल वाढणे, अल्सर, नाडी मंद होणे, सुस्ती हे त्रास आहेतच. हळूहळू यापेक्षा चांगली औषधे आली आणि रेसर्पीन मागे पडले. त्यात कुणाचे कारस्थान नव्हते. कोळशाचे इंजिन आपण मनमाडकरांनी प्रेमाने पाहिले, म्हणून कुणी आज त्याच्यामागे डबे जोडत नाही.

मग मुळाची पूड का नको?

साधा हिशेब करू. औषधी दर्जाच्या मुळात रेसर्पीन गटाची रसायने किमान ०.१५ टक्के असावीत, असा अमेरिकन औषधकोशातला निकष होता. म्हणजे १ ग्रॅम पुडीत दीड मिलिग्रॅम. गोळीतून दिले जाणारे रेसर्पीन दिवसाला ०.०५ ते ०.२५ मिलिग्रॅम असते. चमचाभर, म्हणजे दोन-तीन ग्रॅम पूड कुणी 'नैसर्गिक आहे' म्हणून घेतली, तर गोळीच्या मोठ्यात मोठ्या डोसच्या बारा ते अठरा पट रसायन पोटात जाऊ शकते. आणि मूळ जुने, कोवळे किंवा भेसळीचे असेल तर जवळजवळ काहीच जाणार नाही. झाड कुठल्या मातीत वाढले, मूळ किती वर्षांचे, कोणत्या ऋतूत काढले, यावर प्रमाण बदलते. डोस ठरवता येत नाही ही खरी अडचण आहे. मूळ नैसर्गिक आहे की नाही, हा मुद्दाच नाही.

काही जण शिकलेल्या आयुर्वेदिक वैद्यांकडून सर्पगंधेचे औषध घेतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधे सांगा. डिगॉक्सिन, लेवोडोपा, नैराश्यावरच्या काही गोळ्या यांच्याशी रेसर्पीन जमत नाही. ऑपरेशन ठरले असेल तर भूलतज्ज्ञांनाही हे माहीत असायला हवे.

काकांच्या कुंडीत काय होते?

दुसऱ्या दिवशी काका कुंडीच घेऊन आले. चांगले कमरेएवढे, फांद्या फुटलेले झुडूप. एका पेरावर चार पाने, त्यातली दोन मोठी, दोन लहान. फुले बारीक, पांढुरकी, आखूड. फळे काही हिरवी, काही लाल, काही काळी. पान तोडले की पांढरा चीक.

ही रावोल्फिया टेट्राफायला. टेट्राफायला म्हणजेच चार पानांची. सर्पगंधेची बहीण, पण मूळची अमेरिका खंडातली. हिंदीत हिला बडी चंद्रिका म्हणतात. आपल्या कोरड्या हवेत ही सहज तगते, आणि सर्पगंधेच्या मुळात हिची भेसळही होते. हिच्यातही रेसर्पीन असते, पण रसायनांचे मिश्रण आणि प्रमाण वेगळे. खरी सर्पगंधा अशी ओळखावी:

• उंची: गुडघ्याएवढी, क्वचित त्याहून जास्त. फांद्या फारशा नाहीत.

• पाने: एका पेरावर बहुधा तीन, कधी चार-पाच, आकाराने सारखी. लांबट, टोकदार, पातळ. वरून गडद हिरवी, खालून फिकट.

• फुले: शेंड्याजवळ झुबक्याने. पाकळ्या पांढऱ्या, किंचित जांभळट झाक. फुलाची नळी लांब आणि सडपातळ. देठ आणि पाकळ्यांखालचा भाग लाल. पांढऱ्या फुलांखालचा हा लाल रंग लांबूनही नजरेत भरतो.

• फळ: वाटाण्याएवढे, एकेकटे किंवा जोडीने चिकटलेले, पिकल्यावर चकचकीत जांभळट काळे.

• मूळ: वेडेवाकडे, फिकट तपकिरी सालीचे, चवीला अत्यंत कडू.

एक इशारा मात्र नीट लक्षात ठेवा. 'एका पेरावर तीन लांबट पाने' ही खूण कण्हेरीचीही आहे. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, या दोन्ही हृदयाला अत्यंत विषारी आहेत. फुले नसताना नुसत्या पानांवरून झाड ओळखून तोंडात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. मोबाईलमधल्या फोटोवरून झाड ओळखणाऱ्या अ‍ॅपवर विसंबून तर अजिबात नको.

लावायची असेल तर

खायला नको म्हणालो, लावायला नको म्हटले नाही. उलट लावावी. पन्नाशीच्या दशकात जगभरातून मागणी आली आणि जंगलातली सर्पगंधा अक्षरशः उपटली गेली. औषध मुळात असल्यामुळे मूळ काढले की झाडच संपते. सरकारला निर्यातीवर निर्बंध घालावे लागले आणि कंपन्या आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका रावोल्फियाकडे वळल्या. १९९० पासून सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. म्हणून रोप जंगलातून आणू नका. कृषी विद्यापीठाच्या किंवा वनखात्याच्या रोपवाटिकेतून घ्या.

हिला आवडते सावली, दमट हवा, पालापाचोळ्याची भुसभुशीत, किंचित आम्लधर्मी माती. कोकण आणि घाटमाथा हे तिचे घर. आपल्या मनमाडला यातले काहीच नाही. चुनखडीची जमीन, तापणारे ऊन, आणि वाघदर्डीचे पाणी नळाला किती दिवसांनी येते हे मी तुम्हाला सांगायला नको. तरी कुंडीत जमते.

बी ताजे घ्यावे. पाण्यात टाकून तरंगणारे फेकून द्यावे, बुडणारे दिवसभर भिजवून मे महिन्यात पेरावे. उगवण मुळातच कमी असते. मी वीस बिया पेरल्या, तीन उगवल्या, एक जगले. मुळाचे बोटभर लांबीचे तुकडे लावूनही रोपे होतात. मातीत लाल माती आणि पानांचे खत निम्मे निम्मे घ्या. कुंडी खोल हवी, तळाला भोक हवे, पाणी साचू देऊ नका. झाडाखाली किंवा पूर्वेच्या सज्जात ठेवा. वापरलेले भाज्या धुण्याचे पाणी चालते, साबणाचे चालत नाही. हिवाळ्यात पाने गळली तर मेले समजून फेकू नका, उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा फुटते. फळे काळी, चकचकीत आणि विषारी असतात, म्हणून लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

काकांचे पुढे काय झाले

काकांचा ईसीजी काढला, रक्त-लघवी तपासली. हृदयाच्या भिंतीवर बीपीच्या खुणा दिसत होत्या, किडन्या सुदैवाने ठीक होत्या. त्यांच्या जुन्याच दोन गोळ्या पुन्हा सुरू केल्या. तीन आठवड्यांत बीपी १३८/८४ वर आले.

मी त्यांना वरचा सगळा इतिहास सांगितला. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे डॉक्टर, तुमची गोळीसुद्धा झाडातूनच आली म्हणायची."

"बीपीची पहिली चांगली गोळी आली, काका. मग मोजत मोजत पुढच्या आल्या. तुम्ही उलट्या दिशेने निघाला होतात."

कुंडी त्यांनी टाकली नाही, गच्चीवर नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली आहे. माझ्या एकुलत्या सर्पगंधेला यंदा फुले आली, तेव्हा काका मुद्दाम बघायला आले आणि लाल देठ मोजून गेले. जाताना मी विचारले, "सकाळची गोळी?"

काकूंनी उत्तर दिले, "माझ्यासमोर घेतात."

तुमच्यापैकी कुणी बीपीची गोळी परस्पर बंद केली असेल, कारण काहीही असो, तर या आठवड्यात एकदा बीपी मोजून घ्या. काय खात होतात ते डॉक्टरांना न लाजता सांगा. शक्य असेल तर कुंडीच घेऊन जा.